‘काऊन’ची वही

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, यवतमाळ
यांस,



आपल्या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपल्या कार्यालयाला मी जी पत्रं लिहिली ती रजेची, बदलीची, गळक्या छताची, पोषण आहारातल्या तांदळाच्या शिल्लक साठ्याची. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी वर न लिहिता लिहिलेलं हे पहिलंच पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आपल्याबरोबर ते जिल्ह्यातल्या गुरुजींनी, मॅडमनी आणि लेकरांच्या आईबापांनीही वाचावं असं मला वाटतं.

बोलायचं आहे ते एका शब्दाबद्दल. काऊन.

पुस्तकातलं मूल ‘का?’ विचारतं. आपल्याकडचं लेकरू ‘काऊन?’ विचारतं, आणि विचारताना त्याची मान जराशी वाकडी होते, भुवया वर जातात. ‘का’ एका श्वासात संपतो. ‘काऊन’ लांबतो, समोरच्याला धरून ठेवतो. पहिलीत आलेल्या लेकराच्या तोंडी हा शब्द दिवसभर असतो. बकरीचे डोळे आडवे काऊन? चंद्र आपल्या मांगं मांगं काऊन येते? पाचवीपर्यंत हा शब्द वर्गातून निघून जातो. त्याच्या जागी ‘का’ येतो, आणि तोही फक्त प्रश्नपत्रिकेत, ‘कारणे द्या’ या मथळ्याखाली. आधी मुलं विचारायची आणि आम्ही उत्तरं शोधायचो. आता आम्ही विचारतो आणि मुलं पाठ केलेलं उत्तर परत करतात. हा बदल नेमका कोणत्या दिवशी होतो ते मला अनेक वर्षं कळत नव्हतं. एका मुलाच्या बाबतीत मात्र तो दिवस मला माहीत आहे, कारण तो मीच घडवून आणला.

त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. विदर्भातल्या शाळा तशाही उशिरा उघडतात. पहिला मोठा पाऊस आमच्या शाळेच्या पहिल्या आठवड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक मुलगा काड्यापेटी घेऊन आला. आत मिरगाचे किडे होते, लाल मखमलीचे, बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडणारे. योगायोगाने किड्यांचाच पाठ चालू होता. कीटकाला सहा पाय असतात, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. त्याने एक किडा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, याले तं आठ पाय हायेत. मंग हा किडा काऊन?”

मी म्हटलं, “नीट मोज. पुस्तकात सहा आहेत. बस खाली.”

तो बसला. त्याने काड्यापेटी बंद करून दप्तरात टाकली आणि नंतर कधीच वर्गात काही आणलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात मला कळलं की मिरगाचा किडा हा कीटक नाहीच. तो कोळ्याच्या आणि विंचवाच्या गोतातला. पूर्ण वाढला की त्याला आठ पाय असतात. आठ वर्षांच्या त्या पोराने पाय बरोबर मोजले होते. एवढंच नव्हे, ‘मग हा किडा कसा’ असं विचारून प्राणिशास्त्राने जी रेघ ओढली आहे तिच्यावर त्याने अचूक बोट ठेवलं होतं. मला उत्तर येत नव्हतं, याचं मला आज दुःख नाही; सगळं कुणालाच येत नाही. दुःख आहे ते मी वाकून मोजले नाहीत याचं. माझ्या टेबलापासून त्याच्या तळहातापर्यंत दोन हातांचं अंतर होतं.

मुलांची कल्पनाशक्ती म्हणजे देवाघरून काठोकाठ भरून आलेली घागर आणि वय वाढेल तशी ती झिरपून रिकामी होते, असं आपण धरून चालतो. मीही तसंच मानत होते, आणि त्यात एक सोय असते: रिकामं होणं निसर्गाचंच असेल तर दोष कुणाचा नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1930 च्या सुमारास याच्या नेमकं उलट लिहून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की कल्पना अनुभवावर पोसली जाते. ज्याने जास्त पाहिलं, ऐकलं, हाताळलं, त्याच्याकडे कल्पनेसाठी जास्त माल असतो. म्हणून मोठ्या माणसाची कल्पनाशक्ती लेकरापेक्षा समृद्ध असायला हवी. मुलाला आपल्या कल्पनेचा धाक नसतो, ते तिच्यावर बेधडक विश्वास ठेवतं, एवढाच फरक. हे वाचलं तेव्हा मी थबकले. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत आपलं मन कोरडं पडलं असेल तर ते वयामुळे नाही. आपण पाहणं बंद केलं म्हणून.

दुसरी गोष्ट रेचल कार्सन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंची. आपल्या जिल्ह्याशी त्यांचं नातं मला फार जवळचं वाटतं. 1956 मध्ये त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. भाचीच्या लहान मुलाला घेऊन त्या रात्री समुद्रावर जात, पावसात रानात फिरत. त्याला शिकवावं म्हणून नव्हे, सोबत पाहावं म्हणून. लेखातलं त्यांचं सांगणं असं की लेकराचं नवल टिकायचं असेल तर ते नवल त्याच्यासोबत वाटून घेणारं किमान एक मोठं माणूस त्याला हवं. एकच माणूस, पण हवंच. याच बाईंनी सहा वर्षांनी, 1962 मध्ये, कीटकनाशकांच्या बेबंद फवारणीबद्दल ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि जगाला जागं केलं. आणि 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळात काय झालं ते आपल्याला सांगायला नको. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. समुद्रकाठी लेकरासोबत खेकडा पाहणारी आणि विषाबद्दल सावध करणारी बाई एकच होती, आणि मला त्यात योगायोग दिसत नाही. ज्याला किड्याचं नवल वाटतं त्यालाच तो किडा नाहीसा झालेला आधी कळतो.

आता आपल्या कपाशीकडे येते. जिल्ह्यातल्या किती शाळा अशा आहेत की कुंपणाच्या तीन बाजूंनी पऱ्हाटी उभी असते! मुलं तिच्यातून वाट काढत शाळेत येतात. सुट्टीच्या दिवशी वेचणीला जातात. क्विंटलचा भाव सातवीतल्या पोरीलाही पाठ असतो. पण कपाशीचं फूल दोन दिवस लागोपाठ कुणी पाहिलं आहे का, असं मी निवृत्तीनंतर एका मेळाव्यात गुरुजींना विचारलं, तेव्हा सभागृह गप्प झालं. मीही त्यांच्यासारखीच. आयुष्य पऱ्हाटीच्या शेजारी काढलं आणि हे मी पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

सकाळी उमललेलं फूल दुधावरच्या सायीच्या रंगाचं असतं. त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवावा, म्हणजे उद्या तेच फूल ओळखता येतं. दुसऱ्या दिवशी जावं तर ते गुलाबी झालेलं असतं. मग आणखी गडद होतं, मिटतं, वाळून गळतं, आणि मागे हिरवं बोंड राहतं. म्हणजे एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं दिसतात ती दोन जातींची नव्हेत. ती आजची आणि कालची आहेत. झाडाकडे पाहून कोणतं फूल आज उमललं ते सांगता येतं. आपल्या सगळ्यांच्या वावरात हे पंचांग टांगलेलं आहे आणि ते वाचायला आपल्याला कुणी शिकवलं नाही.

रंग काऊन बदलतो? पाकळीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं म्हणून. हे अवघड नाव मुलांना सांगितलं नाही तरी चालेल. पण त्याच रंगद्रव्याने जांभूळ जांभळं होतं, हे सांगितलं की मुलं आपली जीभ बाहेर काढून एकमेकांना दाखवतात, कारण जांभूळ खाल्लेली जीभ प्रत्येकाला ठाऊक असते. मी हा प्रयोग आमच्या गल्लीतल्या पाच मुलांबरोबर केला. ती पाचही जणं तिसऱ्या दिवशी मला न विचारता धुऱ्यावर हजर होती. त्यातल्या एकीने विचारलं, “मंग बोंड फुटल्यावर कापूस पुन्हा पांढराच काऊन?” मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती अजिबात निराश झाली नाही. तिचा चेहरा उजळला, कारण आता आम्ही दोघी एकाच बाजूला उभ्या होतो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. फवारणी झालेल्या वावरात लेकरं नेऊ नयेत. धन्याला विचारून, फवारणीचा दिवस पाहून, आणि शक्यतो धुऱ्यावरूनच. शाळेच्या आवारात चार झाडं लावली तर प्रश्नच मिटतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आणि माझ्या घरातच म्हणून झालं आहे, की या जिल्ह्यात नवलाच्या गोष्टी बोलणं शोभतं का? जिथे कर्जापायी बाप फास लावून घेतो, जिथे आई ऊन उतरेपर्यंत वेचणीला वाकलेली असते, तिथे लेकराच्या कल्पनाशक्तीची काळजी म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. हा प्रश्न मी टाळू शकत नाही. अशी घरं मी हजेरीपटावर पाहिली आहेत. वडिलांच्या नावापुढे एका जूनपासून ‘कै.’ लिहावं लागायचं.

चौथीत एक मुलगी होती. तिचा बाप त्या वर्षी गेला होता. घरातला एकुलता एक बैल, ढवळ्या, दिवाळीआधीच विकावा लागला. पुढच्या पोळ्याला त्यांच्या दारी बैल नव्हता. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: त्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून रांगेत उभे करतात, त्यांची पूजा होते, मग ते दारोदार फिरवून बोजारा घेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण. मला तो आपल्या प्रांताने जगाला दिलेली फार मोठी गोष्ट वाटतो. एका अख्ख्या समाजाने एक दिवस लेकराच्या खेळण्याला खऱ्याचा मान द्यायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, त्याच्यापुढे हात जोडायचे. ती मुलगी माझ्या दारी बैल घेऊन आली. बैल जुना होता, एक शिंग तुटलेलं, पण तिने झूल नवी शिवली होती. मी नाव विचारलं. म्हणाली, “ढवळ्या.” मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “याले कोनी इकत नाई.”

कल्पनाशक्ती ही चैन आहे का, या प्रश्नाला माझ्याकडे याहून दुसरं उत्तर नाही. ज्या घरातून सगळं गेलं त्या घरातल्या लेकराने एक गोष्ट अशी ठेवली होती जिच्यावर कुणाचा बोजा चढत नव्हता. ती गोष्ट तिच्याकडून काढून घेण्याचा कुणालाही हक्क नाही. शाळेलाही नाही.

आणि हे लेकरांपुरतंच नाही. 2019 च्या जानेवारीत यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ब्याण्णवावं. त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत काम करणारी. त्याआधी त्या ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. आपल्यावर ओढवलेलं दुःख पुन्हा एकदा, लोकांसमोर, दुसऱ्या कुणाचं म्हणून जगून दाखवायचं, याला किती मोठी कल्पनाशक्ती लागत असेल! तिचं बीज कुठल्या तरी अंगणात लहानपणी खेळलेल्या भातुकलीतच पडलेलं असतं.

आपल्या मोठ्यांकडे ही शक्ती कधीच नव्हती असं नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटलं. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापूस वाहून न्यायला टाकलेला तो मार्ग. कागदोपत्री त्याला दुसरंच नाव होतं. पण माणसांनी त्या धुरकट, हळू गाडीला पोरीचं नाव दिलं आणि तिची वाट पाहिली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. आता ती बंद आहे, आणि रुळांवर काटेरी झुडपं वाढली आहेत. आज आपल्या जिल्ह्यातून चारपदरी रस्ता गेला, तिकडे वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठी रेल्वे आली, त्याचा मला आनंदच आहे. पण यांतल्या एकाही गोष्टीला आम्ही नाव ठेवलं नाही. पोळ्याला तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हणणारे म्हातारेही आता गावोगावी दोन-चारच उरलेत. जुळवून, रचून, सावकारालाही सुनावणारी ती जिभेची धार लेकरांनी ऐकलेलीच नाही.

नवलाच्या जागाही आपण अशाच न विचारता सोडून देतो. कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. दर बारा वर्षांनी तिथल्या कुंडात गंगा येते आणि देवाच्या पायांना लागून परत जाते, अशी श्रद्धा आहे. शाळेची सहल तिथे जाते, दर्शन होतं, खिचडी होते, मुलं परत येतात. मी स्वतः अशा सात-आठ सहली नेल्या. एकदाही कुंडाशी थांबून मुलांना विचारलं नाही की हे पाणी कुठून येत असेल, आणि परत कुठे जात असेल. आजीची गंगा आणि भूगोलातलं भूजल यांत भांडण लावायची काही गरज नव्हती. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांतून पाणी फिरतं. वणी-पांढरकवडा भागात शिबला-पारडीजवळ त्याच लाव्हाचे षटकोनी खांब सापडले आहेत, कुणी तासून रचून ठेवावेत असे. माझ्या जिल्ह्यात हे आहे हे मला पेपरमधून कळलं. तिथे शाळेच्या सहली जायला हव्यात.

कोलामी बोलणाऱ्या लेकरांबद्दलही लिहायला हवं. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, पहिलीत आलेलं मूल आमच्या वर्गात दोन-दोन महिने तोंड उघडत नाही, आणि आम्ही शेरा लिहितो: ‘अबोल’. त्याच मुलाच्या मागे मी एकदा रानात गेले. एका झाडापाशी थांबून ते इतकं बोललं की माझ्यासोबतच्या ताईंना भाषांतर करताना दम लागला. झाडावर कोण राहतं, कोण रात्री येतं, कोणती साल कशाला लागते. त्याचं ‘काऊन’ कोलामीत होतं. ते विचारायला आमच्या वर्गात जागाच नव्हती. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला आले आणि आयुष्यभर आदिवासींना पाखरांची, झाडांची नावं विचारत राहिले. त्यातून मराठीला ‘पक्षिकोश’ मिळाला. एवढा मोठा अधिकारी माणूस पोडावरच्या माणसापाशी बसून विचारत होता. आम्ही शिक्षक तसं का बसलो नाही?

महाराष्ट्राने या वाटेवर आधी पावलं टाकलेली आहेत, आणि त्यांतलं एक पाऊल आपल्या वऱ्हाडातून निघालेलं. ताराबाई मोडक अमरावतीत संसाराला आल्या होत्या. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर काम करून त्यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. महागडी साधनं परवडत नव्हती, तर खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं केली. हजेरी कमी आहे म्हणून मुलांच्या घरी नोटीस पाठवणं किती सोपं होतं!

आणि जयंत नारळीकर. एवढे मोठे खगोलशास्त्रज्ञ. 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ असं टोपणनाव घेऊन ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली. आपलं नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून. केंब्रिजला नाव कमावून आलेल्या माणसाला गोष्ट रचून पाहावीशी वाटत होती. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराच्या खाली सही मिळेल. मला ही युक्ती फार आवडते. मोठ्या माणसाची सही हवी असेल तर आधी आपल्याला काहीतरी विचारायचं असलं पाहिजे.

साहेब, आता मागणं सांगते. मी ते मुलांसाठी मागत नाही. मुलं स्वतःचं पाहून घेतात. मी गुरुजींसाठी आणि मॅडमसाठी मागते आहे, कारण कार्सनबाईंनी म्हटलेलं ‘एक मोठं माणूस’ आपल्या खेड्यांत बहुतेक वेळा तेच असतं. आईबाप वावरात, आजी थकलेली. उरतो तो गुरुजी. आणि गुरुजी मोबाइलवर माहिती भरतो आहे. तातडीची, आत्ताच्या आत्ता, बारा वाजेपर्यंत. कुणी काड्यापेटी घेऊन समोर उभं राहिलं तर त्याने मान वर करावी, एवढा श्वास त्याला शिल्लक राहत नाही. त्यालाही एकेकाळी चंद्र मागं मागं येताना दिसत होता.

शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. हेतू चांगला आहे. महिन्यातल्या चार शनिवारांपैकी फक्त एक आपण जिल्ह्यापुरता वेगळा काढावा. त्या सकाळी वर्ग बाहेर जाईल. लांब नाही, धुऱ्यापर्यंत, नाल्यापर्यंत, गावच्या विहिरीपर्यंत. त्या दिवसाचा फोटो मागवू नये. अहवाल मागवू नये. ग्रुपवर ‘उपक्रम छान’ म्हणून अंगठे येऊ नयेत, कारण फोटो काढायचा असला की मुलं किड्याकडे पाहत नाहीत, मोबाइलकडे पाहतात.

नोंद म्हणून प्रत्येक शाळेत एकच वही असावी. साधी, शंभर पानी. तिच्यावर ‘काऊन’ असं लिहावं. कोणी विचारलं, कुठे पाहिलं, काय विचारलं, एवढं तिच्यात लिहावं, आणि ते लेकराच्याच बोलीत लिहावं: वऱ्हाडीत, कोलामीत, गोंडीत, तांड्यावरच्या गोरमाटीत. शेवटी उत्तराचा एक रकाना असावा. तो कोरा राहिला तर केंद्रप्रमुखांनी शेरा मारू नये. उलट शाळा तपासायला येणाऱ्या प्रत्येकाने, विस्तार अधिकाऱ्यांनी, केंद्रप्रमुखांनी, आपणही, त्या वहीत स्वतःचा एक ‘काऊन’ लिहूनच परत जावं. शाळेला साहेबांकडून नेहमी सूचना मिळतात. एकदा प्रश्न मिळू द्या. साहेबांनाही काही कळत नाही आणि ते त्यांना कबूल करता येतं, हे लेकरांना दिसलं तर ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

याला पैसा लागत नाही. वही मी देते. आमच्या निवृत्त मंडळींपैकी काही जणींनी आणखी वह्यांचा शब्द दिला आहे.

पहिला दिवस कोणता घ्यावा तेही सुचवते, मग तो शनिवार नसला तरी चालेल. दरवर्षी 22 मेच्या आसपास सूर्य यवतमाळच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण मे महिन्यात शाळांना सुट्टी. तोच सूर्य दक्षिणेकडे परतताना 21 जुलैच्या आसपास पुन्हा डोक्यावर येतो. यवतमाळला आधी, मग तीन-चार दिवसांनी उमरखेडला, कारण उमरखेड आपल्या दक्षिणेला आहे. दोन गावच्या मुलांनी एकमेकांना फोन करून हे ताडून पाहता येईल. आणि सावली जाते ती घड्याळात बाराच्या ठोक्याला नव्हे, तर बारा-पंचवीसच्या सुमारास. ते काऊन, हा त्या दिवसाचा प्रश्न. घड्याळ आपलं नाही, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाचं आहे. सूर्याला तिथून यवतमाळपर्यंत यायला वेळ लागतो. पण हे मुलांना आधी सांगू नये. काठी रोवून, घड्याळ पाहत, उन्हात थांबू द्यावं.

जुलैत आभाळ असतं, हे मला माहीत आहे. कदाचित त्या दिवशी पाऊसच पडेल आणि काही दिसणार नाही. मग दुसऱ्या दिवशी थांबू. तेव्हाही आभाळ असलं तर पुढच्या वर्षी.

आपण येत्या 21 जुलैला बाराच्या आत आमच्या गल्लीजवळच्या शाळेत यावं, ही विनंती. काठी मुलांनी आत्ताच शोधून ठेवली आहे, बाभळीची, सरळ, त्यांच्या खांद्याइतकी उंच.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, यवतमाळ